मलेशियाची मूठभर माती

दुपारी अडीच वाजता, घरातली मोठी माणसं आपापल्या पंख्याखाली घोरत असताना, देवघरात स्टीलचं झाकण पडलं. पडलं, गोल गोल फिरलं, बराच वेळ नाचलं आणि गप्प झालं. त्यानंतर जी शांतता पसरली ती भुवनाला मुळीच आवडली नाही. घरात पाच वर्षांचं मूल असताना एवढी शांतता म्हणजे काहीतरी नक्की होऊन गेलेलं असतं.

ती धावली. देवघरामागच्या मोरीपाशी हरिणी फतकल मारून बसली होती. पायघोळ पावाडै गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत काळे, आणि समोर खेळातल्या इडलीपात्रात चिखलाच्या इडल्या ओळीनं मांडलेल्या. उरलेल्या चिखलावर नळ सोडलेला होता आणि तो चिखल मोरीतून खळखळत गावाच्या गटाराकडे निघाला होता.

“अय्यो, हे काय केलंस गं?”

“इडली, अम्मा. बाहुलीला. फॉरेन इडली.”

भुवनानं शेजारचा रिकामा डबा उचलला. त्याच्यावर चिकटपट्टीनं लावलेली इंग्रजी चिठ्ठी अजून जागेवर होती: मलेशियाची माती, नमुना. भुवना तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसली. ही माती साधी नव्हती. तिच्या सासऱ्यांचं उरलेलं आयुष्य त्या डब्यात होतं, आणि ते नुकतंच वाहून गेलं होतं.

सासरे तुळजाराम राव तंजावूरच्या पाटबंधारे कचेरीत छत्तीस वर्षं होते. म्हणजे कावेरीला किती पाणी यायला हवं ते कागदावर लिहीत, आणि कावेरी तो कागद न वाचता आपल्या मनानं येई किंवा न येई. आता, अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात, ते निवृत्त व्हायचे होते, आणि त्या विचारानं त्यांना जगाची काळजी लागली होती. मे महिन्यात वाळवंटात बॉम्ब फुटले. अमेरिका रुसली. रुपया घसरला. दिल्लीतलं सरकार सकाळी असलं तर संध्याकाळी असेल का, हे कुणी सांगेना. गावातल्या दोन फायनान्स कंपन्या पाट्या काढून पसार झाल्या. त्यांत तुळजाराम रावांचा पैसा नव्हता, पण असू शकला असता या विचारानंच त्यांचा रक्तदाब वाढला होता.

“ह्या देशाचं अवघं संपलं,” ते रोज सकाळी पेपर घडी करून आपल्या तंजावुरी मराठीत बायकोला म्हणत. “धनलक्ष्मी, अजून अर्धा पेला कॉफी आण.”

संपलेल्या देशात कॉफी मात्र वेळेवर लागे.

अशा मन:स्थितीत त्यांना सतीशकुमार भेटला. पांढरा बूट, कमरेला पेजर, बगलेत गुळगुळीत पुस्तक. त्या पुस्तकात मलेशियातल्या डोंगरावरची लाल छपराची घरं होती आणि प्रत्येक घरापुढं एक म्हातारा-म्हातारी दात दाखवून हसत होती. फक्त निवृत्तांसाठी वसवलेलं गाव. तिथला पैसा मागच्या वर्षी आपटला होता, म्हणून घरं मातीमोल.

“सार, इथं काय राहिलं?” सतीशकुमार म्हणाला. “पाणी कर्नाटकाचं, वीज देवाची. तिथं बघा, डोंगरावर थंड हवा, आणि आपली तमिळ माणसं. सांबार मिळतं, सार!”

“पण बाहेरच्या देशात घर घ्यायला आपला कायदा...”

“कायदा? सार, बाहेरचा कोका-कोला आत आला, बाहेरचे टीव्ही आत आले. सगळं मोकळं होतंय. मग तुम्ही आतून बाहेर का नाही जायचं?”

आपली तुलना कोल्याशी झाली याचा तुळजाराम रावांना राग यायला हवा होता. पण ते खुलले. आणि रोख एक पैसाही नको, असं सतीशकुमारनं म्हटल्यावर तर विरघळलेच. तिरुवैयारूला त्यांच्या आईकडून आलेली जागा होती. नदीकाठी दोन खोल्या, ओटा, अकरा माड. ती त्याला लिहून द्यायची, तो तिकडचं घर ह्यांच्या नावे लिहून देणार. अदलाबदल.

तो ओटा मात्र भुवनाचा होता. कागदावर नव्हे. सात वर्षं बंद पडलेलं ते घर तिनं एकटीनं झाडलं, ओटा सारवला, आणि दर शनिवारी-रविवारी दुपारी तिथं ती अकरा मुलांना गाणं शिकवी. लग्नात सोबत आणलेला तंबोरा तंजावूरच्या घरात खोळीतच असे, कारण तिथं तो काढला की कुणाचं तरी डोकं दुखे. तिरुवैयारूला जाताना मधल्या पुलांवरून टाउन बस धडधडत गेली की भुवनाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत जाई. जागा गेली की हे सगळं जाणार होतं.

“गाणं काय, कुठंही शिकवता येतं,” तिचा नवरा साईराम म्हणाला होता. तो वर्तमानपत्राआडून बोलला, म्हणजे त्याचा विचार पक्का होता.

“कुठं? तुमच्या स्कूटरवर?”

वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

आता राहिली माती. तुळजाराम रावांच्या घराण्यात जागा घ्यायची म्हणजे कागद पाहत नसत, माती पाहत. जागेतली माती आणायची, मातीच्या परळात घालायची, गुरुवारी नऊ धान्यं पेरून देवापुढं झाकून ठेवायची. घरच्या सुनेनं रोज सकाळी पळीभर पाणी द्यायचं, इतर कुणी हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी अंकुर आले तर जागा लाभते, नाही तर नाही. ह्याच परीक्षेत वीस वर्षांपूर्वी मेडिकल कॉलेज रस्त्यावरची एक जागा नापास झाली होती. तिथं आता कल्याण मंडप उभा होता, आणि त्याच्या मालकाला बसायला गाडी होती. पण घराण्याचा विश्वास असल्या गोष्टींनी हलत नसे.

सतीशकुमारला मातीचं सांगितलं तेव्हा तो जरा गडबडला, मग म्हणाला, “मागवतो, सार. विमानानं.” दहा दिवसांनी, मंगळवारी, डबा आला. बुधवारी दुपारी त्याच्या इडल्या झाल्या.

भुवनानं फार विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, पलंग करकरला होता. मोगऱ्याच्या कुंडीसाठी तिनं तिरुवैयारूहून अर्धी पिशवी माती आणून धुण्याच्या दगडामागं ठेवली होती. तीच तिनं डब्यात भरली, झाकण घट्ट बसवलं, इडल्या झाडाच्या बुडात फेकल्या आणि हरिणीचे हात धुतले.

“कुणाला बोलायचं नाही, कण्णे.”

“इडलीचं?”

“इडलीचं.”

“बाहुलीनं खाल्ली तर?”

“तिनंही बोलायचं नाही.”

गुरुवारी तुळजाराम रावांनी सोवळं नेसून डबा उघडला. चिमूटभर माती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“वास बघ. वासच वेगळा. स्वच्छ. आपल्या मातीला असा वास येतो का?”

“नाही हो,” सासूबाई धनलक्ष्मी वास न घेताच म्हणाल्या.

परळात नऊ धान्यं पडली आणि तेव्हा कुठं भुवनाच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ती कावेरीच्या गाळाची माती होती. तिच्यात रुमाल पेरला तर धोतर उगवलं असतं. अंकुर येणार, जागा पास होणार, आणि तिरुवैयारूच्या मातीच्याच जोरावर तिरुवैयारू हातातून जाणार.

खरं सांगावं? देवापुढची माती बदलली म्हणून? ह्या घरात सांबारात मीठ कमी पडलं तरी तिच्या माहेरचं नाव निघे. तिनं दुसरा मार्ग धरला. पाणी घालायचं काम तिचं होतं. ती घालणार नव्हती. शुक्रवारी तिनं रिकामी पळी कलंडली, नमस्कार केला आणि बाहेर आली. इतका मनापासून नमस्कार तिनं बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

शनिवारी सकाळी झाकण उचलून पाहिलं तर माती ओली. भुवना बुचकळ्यात पडली. दुपारी बसमध्येही तिचं लक्ष लागेना. मांडीवरच्या हरिणीनं तिची हनुवटी वळवून घेतली.

“अम्मा, फॉरेन म्हणजे काय गं?”

“म्हणजे... जिथं गेल्यावर घरच्या हाका ऐकू येत नाहीत, ते.”

हरिणीनं दोन पूल ओलांडेपर्यंत विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. “मग आपण आत्ता फॉरेनलाच चाललो की!”

भुवनानं तिला घट्ट जवळ घेतलं. मुलीच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि बिस्किटाचा वास येत होता.

रविवारी पहाटे ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. आधी सासूबाई आल्या. इकडंतिकडं पाहून पदराखालचा चमचा काढला आणि परळात पाणी घातलं. शेजारच्या राजमला तिच्या मुलानं सिंगापूर दाखवून आणलं होतं, आणि तेव्हापासून राजम प्रत्येक वाक्य ‘आम्ही सिंगापूरला होतो तेव्हा’ असं सुरू करी. धनलक्ष्मीबाईंना डोंगर नको होता, थंड हवा नको होती. त्यांना फक्त राजमला मध्येच तोडायचं होतं.

त्या गेल्या आणि साईराम आला. हातात दात घासायचा मग. आई-वडील मलेशियाला गेले की पुढची खोली त्याची, क्रिकेट त्याचं, टीव्हीचा रिमोट त्याचा. त्यानं मगातलं निम्मं पाणी ओतलं.

शेवटी तुळजाराम राव आले, खुद्द परीक्षक. पंचपात्री घेऊन. दबक्या पावलांनी, श्वास रोखून. छत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी वेळेवर पाणी पोचवलं.

सोमवारी झाकण काढायला लागलंच नाही, अंकुरांनीच ते उचलून धरलं होतं. चार चार बोटं वाढलेले पोपटी अंकुर परळाबाहेर डोकावत होते. तुळजाराम रावांनी हात जोडले.

“पाहिलंत? ह्याला म्हणतात माती! इथं खत घाला, युरिया घाला, येतं काय? आणि ही बघा, पाचच दिवसांत! नुसत्या पळीभर पाण्यावर!”

पळीभर पाण्याची गोष्ट निघताच घरातल्या तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या दिशांना पाहिलं.

संध्याकाळपर्यंत गल्ली लोटली. राजम आली, अंकुर पाहिले, आणि पहिल्यांदाच सिंगापूरबद्दल काही न बोलता गेली. धनलक्ष्मीबाईंना त्या दिवशी रात्रीची गोळी लागली नाही. तुळजाराम रावांचे चुलतभाऊ सेतुराम राव आले. त्यांनी एक अंकुर उपटून चावूनही पाहिला.

“गोड आहे रे, तुळजा. परदेशी गोड. मज दोन घरं सांग.”

“दोन कशाला? तू एकटाच.”

“एक राहायला. एक, काही झालं तर जायला.”

“मलेशियातही काही होईल म्हणतोस?”

“कुठं काय होईल सांगता येतं का? अणुबॉम्बचे दिवस!”

दोघंही गंभीरपणे माना हलवत राहिले. बॉम्ब पडलाच तर तो आधी आपलाच पत्ता विचारत येईल याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

बुधवारी सकाळी अकराला सतीशकुमार कागद घेऊन यायचा होता. नऊ वाजता भुवना पलंगाखाली केर काढत होती. झाडूला हरिणीच्या बाहुलीचा डबा लागला. आत एक इडली. वाळून दगड झालेली.

“ती बाहुलीची!” हरिणी दारातून ओरडली. “तिनं उद्याला ठेवली!”

भुवनानं इडली नाकाशी नेली. डिझेलचा वास. तिनं ती हळूच दाबली. इडली मधोमध दुभंगली आणि आतून सोडाबाटलीचं चपटं झालेलं बूच डोकावलं. त्याच्याखाली चिकटलेला कागदाचा कपटा तिनं नखानं उलगडला. गुलाबी कागद. तमिळ अक्षरं. असला कागद ती दर शनिवारी बसमध्ये घामेजल्या मुठीत धरून बसे.

ती उठली, इडली पुन्हा जुळवली, पदरात बांधली आणि कॉफीला डिकाशन लावलं.

अकरा वाजता ओसरीत सगळे जमले. तुळजाराम रावांनी निवृत्तीसमारंभासाठी शिवलेला शर्ट आधीच घातला होता. सेतुराम राव आपल्या दोन घरांसाठी आले होते. सतीशकुमारनं मुद्रांकाचे कागद पसरले, आणि मग त्याची नजर समोर आणून ठेवलेल्या परळावर गेली. तो पाहतच राहिला.

“हे... ह्या मातीत आलं, सार?”

“मग? तूच दिलेली.”

“खत वगैरे घातलं का?”

“अरे, तुझ्या मातीवर तुझाच विश्वास नाही?” तुळजाराम राव गडगडून हसले. “पेन दे.”

सतीशकुमारनं अंकुरांकडे पुन्हा एकदा भूत पाहावं तसं पाहिलं आणि पेन दिलं. तुळजाराम रावांनी टोपण काढलं.

“मामंजी,” भुवना दारातून म्हणाली, “एक विचारू?”

“कॉफी नंतर.”

“मलेशियात तंजावूरची टाउन बस जाते का?”

पेन कागदाच्या वर थांबलं. भुवना पुढं आली. तिच्या हातात स्टीलची ताटली होती, ताटलीत एक काळी इडली. ती तिनं पाहुण्यापुढं ठेवली, जशी रोज कुणाही पाहुण्यापुढं ठेवी, आणि दोन बोटांनी फोडली. आतून बूच निघालं. बुचाखालचं तिकीट तिनं सरळ करून सासऱ्यांच्या हातात दिलं.

तुळजाराम रावांनी चष्मा लावला. तिकीट पुढून वाचलं. मागून वाचलं. सेतुराम रावांनी ते ओढून घेऊन वाचलं आणि हळूच आपल्या दोन घरांचे कागद घडी करून सतीशकुमारकडे सरकवले.

“हे कुठं सापडलं?”

“तुमच्या मलेशियात,” भुवना म्हणाली. “हरिणीनं डब्यातल्या मातीच्या इडल्या केल्या, मामंजी. मी डब्यात दुसरी माती भरली. चूक माझी. पण ह्यांनी दिलेली माती ही. वास घ्या.”

तुळजाराम रावांनी वास घेतला. ह्या खेपेला डोळे उघडे होते.

“बस स्टँडमागच्या टायरवाल्याच्या दारातली माती,” ते हळू आवाजात म्हणाले. सतीशकुमारच्या तोंडून शब्द फुटण्याआधी त्याच्या कपाळावर घाम फुटला.

“सार, कस्टमवाले... डबा उघडतात... मिसळून जातं कधी कधी...”

“तिकीट मिसळलं? बूच मिसळलं? कंडक्टरही आला असेल डब्यातून?” सेतुराम राव आता फार शूर झाले होते.

सतीशकुमारनं कागद गोळा केले, गुळगुळीत पुस्तक बगलेत मारलं. पेन तुळजाराम रावांच्या हातातच राहिलं होतं, ते त्यानं अलगद काढून घेतलं. फाटकापर्यंत जाऊन तो वळला.

“सार, तो डबा... आमच्या घरचा होता.”

धनलक्ष्मीबाईंनी डबा फाटकावरून फेकला. त्यांचा नेम चांगला होता.

मग तुळजाराम राव खाकरले. “मज पहिल्या दिवसापासूनच संशय होता. म्हटलं, बघू या कुठवर जातो.”

“तरीच तुम्ही सही करत होता,” धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. राजमला आता काय सांगायचं ह्या विचारानं त्यांचा चेहरा उतरला होता.

“ते असो. सूनबाई, मग ह्या परळात माती कुठली?”

आता येणार, असं भुवनाला वाटलं. माहेरचं नाव, सोवळं, देव, सगळं. तिनं खाली मान घातली. “तिरुवैयारूची. आपल्या ओट्याजवळची.”

तुळजाराम राव अंकुरांकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भुवनाला क्षणभर खरोखर त्यांची माया वाटली.

“आईची माती,” ते म्हणाले. “म्हणजे पास झाली ती ही. हिलाच अंकुर आले. धनलक्ष्मी, देवानं स्पष्ट सांगितलं. जागा विकायची नाही!”

भुवनानं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला असावा.

“आणि नुसती विकायची नाही असं नव्हे,” ते उठून उभे राहिले, “राहायचं! निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिरुवैयारूलाच. नदीकाठी. थंड हवा. ओट्यावर आरामखुर्ची टाकतो. त्या गाण्याच्या पोरांना सांग सूनबाई, दुसरीकडं बघा म्हणावं. ह्या वयात कानाला शांतता लागते.”

“पण मामंजी, ओटा...”

“तुज तर बरंच झालं,” धनलक्ष्मीबाई सावरत म्हणाल्या. “नाही तरी शनिवार-रविवार तू येतेसच. येऊन आठवड्याचं रसमपूड, लोणचं, अवघं करून ठेव. दोन दिवस आम्हांस सोबत.”

साईराम वर्तमानपत्राआड गेला. कागदाच्या वरून त्याच्या कपाळाचा जो भाग दिसत होता तो अतिशय सुखी होता. सेतुराम राव सांगत होते की तिरुवैयारूला शेजारी एखादी जागा असेल तर मज सांग, एकच, दोन नकोत.

भुवना ताटली घेऊन मागच्या मोरीवर आली. नळ सोडून तिनं मलेशिया धुतला. बूच खडखडलं, तिकीट पाण्यावर जरासं तरंगलं आणि गेलं. हरिणी पाठीमागून येऊन तिच्या गळ्यात पडली.

“बाहुलीची इडली मोडलीस.”

“दुसरी करून देते हं, कण्णे.”

“भुवना!” ओसरीतून हाक आली. “कॉफी आण गं! सगळ्यांना!”

हरिणीनं ती हाक कान देऊन शेवटपर्यंत ऐकली. मग आईचं तोंड दोन्ही ओल्या हातांनी आपल्याकडं वळवून घेतलं.

“अम्मा, आजी-आजोबा तिथं राहायला गेले, तर मग आपलं फॉरेन आता कुठं गं?”